हौदातल्या हिरव्या पाण्यात प्रथिने किती?

आमच्या बेळगाव, खानापूर भागात स्पिरुलिना या खाण्याच्या शैवालाचा हौद करू पाहणारे शेतकरी आणि बचत गटातल्या महिला चौकशीला येतात, तेव्हा पहिला प्रश्न उत्पादन किती निघेल हा असतो आणि दुसरा बाजारभावाचा. निघालेल्या मालात नेमके काय असेल, हे सहसा कोणी विचारत नाही, कारण डबीवर ‘प्रथिने ६० टक्के’ असे छापलेले सर्वांनी पाहिलेले असते आणि तो त्या शैवालाचा जन्मजात गुण मानला जातो. वनस्पतिशास्त्र शिकवणारा म्हणून मला ठामपणे सांगावेसे वाटते, की शैवाल कोणत्या पाण्यात, कोणत्या उन्हात आणि कोणत्या खतावर वाढले, यावर तो आकडा फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो.

स्पोर आणि मिल्नर या अमेरिकी संशोधकांनी १९४९ मध्येच क्लोरेला या हिरव्या शैवालावर हे दाखवून दिले होते. वाढीची परिस्थिती बदलताच त्याच शैवालातील मेदाचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपासपासून ८० टक्क्यांच्या पुढे गेले. यामागचे मुख्य कारण नत्र हे आहे. प्रथिने, हरितद्रव्य आणि केंद्रकाम्ले यांना नत्र लागते. मेद आणि पिष्ट यांना ते लागत नाही. पाण्यातले नत्र संपले तरी ऊन पडतच असते आणि कर्बग्रहण काही काळ चालू राहते, त्यामुळे पेशी तो कर्ब तेलाच्या किंवा पिष्टाच्या रूपात साठवू लागते. मात्र त्याच वेळी पेशींचे विभाजन मंदावते. शैवालापासून इंधन काढण्याच्या योजना कागदावर आकर्षक आणि हौदात अवघड ठरतात, त्याचे एक मोठे कारण हेच आहे. मिठागरांतील ड्युनालिएला ही शैवालाची जात तीव्र ऊन, जास्त खारेपणा आणि नत्राचा तुटवडा एकत्र आले की नारिंगी होते आणि तिच्या कोरड्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत बीटा-कॅरोटीन हे नारिंगी रंगद्रव्य साठते.

स्पिरुलिना हा खरे तर नीलहरित जीवाणू आहे आणि तो तेल फारसे साठवत नाही. नत्र कमी पडले की तो आधी स्वतःचे निळे रंगद्रव्य, म्हणजे फायकोसायनिन, मोडून खातो, कारण ते प्रथिनयुक्त असून नत्राचे राखीव कोठारही असते. त्यापाठोपाठ कर्बोदके वाढतात. स्पिरुलिना वाढवण्यासाठीच्या झारूक यांच्या प्रसिद्ध माध्यमात, म्हणजे खते विरघळवलेल्या पाण्यात, एका लिटरला १६.८ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट आणि २.५ ग्रॅम सोडियम नायट्रेट असते. खर्च वाचवण्यासाठी नायट्रेटऐवजी युरिया वापरतात, पण अल्कधर्मी पाण्यात त्याचा अमोनिया होतो आणि मात्रा चुकली तर पीकच मरते.

आता आपल्या ऋतूंकडे पाहू. मृगापासून गणपतीपर्यंत खानापूर पट्ट्यात आभाळ भरलेले असते. प्रकाश कमी मिळाला की शैवाल तो टिपण्यासाठी हरितद्रव्य आणि फायकोसायनिन वाढवते, म्हणून पावसाळ्यातला माल गडद निळसर हिरवा दिसतो. उत्पादन मात्र घटते. हौदावर छप्पर नसेल तर पावसाच्या पाण्याने माध्यम विरळ होते, सामू (पीएच) उतरतो आणि दुसरी शैवाले शिरकाव करतात. एप्रिल-मे महिन्यांत ऊन भरपूर असते आणि पाण्याचे तापमान स्पिरुलिनाला मानवणाऱ्या ३५ अंशांच्या आसपास जाते, त्यामुळे वाढ जोरात होते. पण तितक्याच वेगाने नत्र संपते आणि ते वेळेवर पुन्हा घातले नाही तर रंग पिवळट होऊन प्रथिने घसरतात. हिवाळा मला सर्वांत नाजूक वाटतो. सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या बेळगावात रात्री पाणी गार होते आणि सकाळी त्यावर लख्ख ऊन पडते. गारठलेल्या पेशींना तो प्रकाश वापरता येत नाही, उलट त्याने प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणाच दुखावते. अशा वेळी सकाळचे काही तास हौदावर सावलीची जाळी टाकणे हिताचे असते.

पाण्याचाही विचार करायला हवा. अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या ऊसपट्ट्यात जमिनी खारवटत चालल्या आहेत. खारेपणा वाढला की पेशी आतल्या पाण्याचा तोल सांभाळण्यासाठी विशिष्ट शर्करा तयार करते, श्वसनाचा खर्च वाढतो आणि प्रथिनांचा वाटा घटतो. पाणी जड असेल तर सामू चढल्यावर कॅल्शियम स्फुरदाला घेऊन तळाशी बसते आणि खत घालूनही शैवाल स्फुरदाला मुकते.

गाळण्याची वेळदेखील महत्त्वाची आहे. दिवसभरात साठलेली कर्बोदके रात्री श्वसनात खर्ची पडतात, म्हणून पहाटे काढलेल्या मालात प्रथिनांची टक्केवारी संध्याकाळच्या मालापेक्षा जास्त येते. गाळल्यावर नीट धुतले नाही तर सोड्याची राख वाढते आणि टक्केवारी पुन्हा खाली येते.

शिवाय प्रयोगशाळेत बहुधा प्रथिने थेट मोजली जात नाहीत. नत्र मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. शैवालातील सगळे नत्र प्रथिनांत नसते, म्हणून अनेक जातींवरून काढलेला सरासरी गुणक ४.७८ इतका कमी सुचवला गेला आहे. तो लावला तर डबीवरचे ६० टक्के सुमारे ४६ वर येतात. म्हणून तपासणीचा अहवाल पाहताना कोणता गुणक वापरला हे मी आवर्जून विचारतो आणि नमुना कोणत्या महिन्यातला, पहाटेचा की संध्याकाळचा, शेवटचे नत्र कधी घातले, हे नमुन्याच्या पिशवीवरच लिहून पाठवायला सांगतो.