अर्धी मात्रा पुढे

आमचे पाळकसाहेब बेसूर गायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशी जे झालं ते त्याशिवाय कळायचं नाही.

मी चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. ते आमच्याकडे अकरा वर्षं होते. मेथडिस्टांमध्ये हे फार झालं. आमच्यात पाळक कोण हे मंडळी, म्हणजे चर्चचे सभासद, ठरवत नाहीत, नेमणूक वरून होते आणि बदली कधीतरी ठरलेलीच असते. अठराव्या शतकात आमच्या पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी आपल्या प्रचारकांना घोड्यावरून फिरतं ठेवलं, ती सवय अजून मोडलेली नाही. खरं सांगते, पहिली दोन-तीन वर्षं वार्षिक परिषदेच्या यादीकडे मी आशेने पाहायचे.

कारण नुसतं बेसूर असतं तर चाललं असतं. ते पुढे पळायचे. प्रत्येक ओळीच्या आधी जोरात श्वास घ्यायचे, इतका की माइकमधून ऐकू यायचा, आणि मी स्वर दाबायच्या आत शब्द सुरू! वेस्लींनी 1761 साली एका गीतसंग्रहात गाण्याचे सात नियम छापले होते. त्यातला चौथा पाळकसाहेबांचा लाडका: अर्धमेले असल्यासारखे किंवा अर्धवट झोपेत असल्यासारखे गाऊ नका. तो ते व्यासपीठावरून म्हणून दाखवायचे. एकदा मी म्हटलं, "पाळकसाहेब, पाचवा आणि सहावा कोणी वाचायचा?" पाचवा म्हणतो ओरडू नका, सहावा म्हणतो तालाच्या पुढे पळू नका आणि मागेही राहू नका.

"ते वाजवणाऱ्यांसाठी आहेत, ताई," ते म्हणाले.

शेवटी मी ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्या मुलाला गुपचूप सांगितलं, गीत सुरू झालं की साहेबांचा माइक बंद कर. दोन रविवार निभावलं. तिसऱ्या रविवारी ते गीताच्या वेळी व्यासपीठावरून खाली उतरले आणि थेट ऑर्गनच्या शेजारी येऊन उभे राहिले. बोलले काहीच नाहीत. तेव्हापासून तीच त्यांची जागा झाली, माझ्या डाव्या खांद्यापासून हातभर अंतरावर.

त्यांना स्वर कळायचेच नाहीत, हे मला ट्यूनर आला तेव्हा नीट समजलं. ऑर्गन जुळवायचा तर दोन माणसं लागतात: ट्यूनर आत नळ्यांमध्ये शिरतो आणि बाहेर कोणीतरी एकेक पट्टी दाबून धरायची. कंटाळवाणं काम, आणि त्या दिवशी मला ताप होता. पाळकसाहेब चार तास बसले. आतून "पुढचा" असा आवाज आला की पुढची पट्टी. संध्याकाळी मला फोन करून म्हणाले, "सगळे मला सारखेच वाटले, पण तो माणूस खूश होऊन गेला."

माझी आई गेली तेव्हाही ते असेच आले होते. प्रार्थना दोन ओळींत आटोपली, मग खुर्ची ओढून तासभर बसून राहिले. मी रडत नव्हते. त्यांनी रडायलाही सांगितलं नाही आणि सावर असंही म्हटलं नाही.

ते गुरुवारी गेले. शनिवारी दफनविधी.

त्यांनी एका कागदावर थोडं लिहून ठेवलं होतं: भाषणं नकोत, आणि शवपेटी उचलायला सहा जण, नावांसकट. वेस्लींच्या मृत्युपत्रात तसं आहे. सहा गरीब माणसांनी आपल्याला उचलावं, त्यांच्यात सहा पौंड वाटावेत, रथ नको, थाटमाट नको, प्रेम करणाऱ्यांचे अश्रू तेवढे असू द्यावेत. पाळकसाहेबांच्या यादीत चर्चच्या समितीतलं कोणीच नव्हतं, त्यावरून थोडी कुजबुज झाली. शेवटच्या बाकावर बसून प्रवचन संपायच्या आत निघून जाणारा एक तरुण होता, त्याचं नाव पहिलं. त्याला उचलायची पद्धत माहीत नव्हती. चालताना तो सारखा बाजूच्याच्या पायांकडे बघत होता.

गीत जॉन यांचे भाऊ चार्ल्स वेस्ली यांचं, 1739 सालचं, मूळचं अठरा कडव्यांचं. आम्ही सहा घेतली होती. पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्याच्या मध्यावर मंडळी मागे पडायला लागली.

आवाजाला तीस मीटर यायला जवळजवळ एक दशांश सेकंद लागतो. मागच्या बाकांचं गाणं माझ्यापर्यंत उशिरा येतं, आणि त्यांच्यासाठी थांबले की माझं वाजवणं त्यांच्यापर्यंत आणखी उशिरा पोचतं. अशाने गीत बुडतं. म्हणून वाजवणाऱ्याने मंडळीचं ऐकायचं नाही, हे शिकताना पहिल्या महिन्यातच सांगतात. मला येतं ते सगळं केलं. स्वर तोडून वाजवले, झणझणीत नळ्यांचा संच उघडला, ओळींमधली जागा कमी केली. तिसरं कडवं आणखी जड. माणसं रडत होती, त्यांचं काय चुकलं? पण माझे हातही उशिरा पडत होते, आणि ते मला कळत नव्हतं.

मग एका ओळीच्या आधी मी थांबले. डावा कान कशाची तरी वाट पाहत होता. श्वासाची!

अकरा वर्षं मी त्या श्वासावर वाजवत होते. आणि मंडळी त्या बेसूर, अर्धी मात्रा पुढे पळणाऱ्या आवाजामागे ओढली जात होती. ते सुट्टीवर असले की गाणं जड व्हायचं आणि मी पाहुण्या प्रचारकाला नावं ठेवायची.

वाजवताना मी कधी गात नाही. गाण्याकडे लक्ष गेलं की पायांनी दाबायच्या पट्ट्यांचे स्वर चुकतात. चौथ्या कडव्याला मी जोरात श्वास घेतला आणि गायला लागले, ओरडूनच म्हणा ना, ऑर्गनच्या आधी. पायांचे दोन स्वर चुकले. पुढच्या बाकावरच्या पाळकबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि पुढच्या ओळीला त्याही माझ्याबरोबर पळाल्या. मग त्यांच्या मागचा बाक. सहावं कडवं आम्ही इतक्या वेगाने संपवलं की शवपेटी उचलणारे अजून जागेवरून उठलेही नव्हते.

काल ट्यूनरचा फोन आला होता. पुढच्या महिन्यात येतो म्हणाला, आणि पट्ट्या दाबायला तेच साहेब असतील ना, असं विचारलं. त्याला कोणी कळवलंच नव्हतं.