वरचं दूध दिलं तर बाळ रात्रभर झोपेल का?

जुळ्यांच्या आईला लोक काहीही विचारतात. एक रडलं की दुसरं उठतं का, आजारी पडली की दोघं एकदमच पडतात का, वगैरे. पण नुकत्याच बाळंत झालेल्या बायका मला जरा बाजूला घेऊन एकच विचारतात. "तुमची मुलगी अंगावर प्यायची आणि मुलगा बाटलीवर होता ना? मग रात्री जास्त कोण झोपायचं?"

विचारण्यामागचा हिशेब मला कळतो. घर तेच, खोली तीच, आईबापही तेच, फरक काय तो दुधाचा, म्हणजे आमच्याकडे घरबसल्या प्रयोगच झाला! तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पहिले काही आठवडे मुलगा जास्त झोपायचा. मग मुलगी. मग दोघंही नाही.

शिवाय फरक नुसता दुधाचा होता, असंही नाही. मुलगा जन्मतःच किरकोळ. अंगावर घेतला की चार घोट ओढून दमायचा, म्हणून त्याला आधी माझंच काढलेलं दूध आणि पुढे पावडरचं. स्वभावही दोघांचे दोन तऱ्हांचे. तेव्हा आमच्या घरावरून कुणी काही ठरवू नये. ज्यांनी शेकडो बाळं पाहिली त्यांना काय दिसलं, ते सांगते.

सुरुवातीचा फरक काल्पनिक नसतो. आईच्या दुधात व्हे नावाची प्रथिनं जास्त आणि केसीन कमी, साधारण ६० ला ४०. गाईच्या दुधात हेच प्रमाण २० ला ८०. केसीनची पोटात घट्ट गुठळी होते आणि ती विरायला वेळ लागतो. पावडरचं दूध बहुतेक गाईच्या दुधापासूनच बनतं. पुष्कळ पावडरींत व्हे घालून प्रमाण सुधारलेलं असतं, तरी पोट रिकामं व्हायला आईच्या दुधापेक्षा वेळ लागतोच. त्यामुळे दोन पाजण्यांमधलं अंतर थोडं वाढतं. "वरचं दूध दिलं की बाळ झोपतं" असं मोठ्या बायका म्हणतात, ते अगदीच हवेतलं नाही.

पण बाळ फक्त भुकेने उठत नाही. तान्ह्या बाळाचं झोपेचं एक आवर्तन जेमतेम ५० ते ६० मिनिटांचं असतं, आणि त्यातली निम्मी झोप चुळबुळीची. पापण्या फडफडतात, ओठ हलतात, मध्येच हुं हुं करतं, हात झटकतं. बघणाऱ्याला वाटतं उठलं, पण ते झोपेतच असतं. क्षणभर थांबलं तर पुष्कळदा पुन्हा शांत होतं. हे दूध कुठलंही असलं तरी तसंच.

आणि "रात्रभर" म्हणजे किती, हेही विचारायला हवं. १९५७ साली मूर आणि उको या संशोधकांनी लंडनमधल्या बाळांच्या झोपेवर लिहिलं, तेव्हा रात्री नीट झोपणाऱ्या बाळाची व्याख्या त्यांनी मध्यरात्र ते पहाटे पाच अशी केली होती. झाले पाच तास! तिसऱ्या महिन्यापर्यंत सुमारे ७० टक्के बाळं तिथवर पोचली होती. शेजारची जेव्हा "आमचं रात्रभर झोपतं" म्हणते, तेव्हा ती कुठून कुठवर मोजते ते जरा विचारून घ्या.

सहा महिन्यांनंतर तर दुधाचा मुद्दा जवळपास मिटतोच. ब्रिटनमधल्या स्वान्झी विद्यापीठाचा २०१५ सालचा अभ्यास आहे, सहा ते बारा महिन्यांच्या बाळांचा, ७१५ आयांना विचारून केलेला. त्यातली ७८ टक्क्यांहून जास्त बाळं रात्रीतून एकदा तरी उठतच होती, आणि अंगावरचं पिणारी नि पावडरचं पिणारी यांच्या उठण्यात काही फरक नव्हता. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त पटली. दिवसा ज्यांच्या पोटात जास्त जात होतं, ती बाळं रात्री कमी प्यायची, पण उठायची तितकीच. म्हणजे भूक भागवता येते, उठणं नाही.

आईच्या रात्रीच्या दुधात मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं संप्रेरक, असतं, दिवसाच्या दुधात ते जवळपास नसतंच. बाळाचं स्वतःचं मेलाटोनिन दिवसरात्रीच्या ठेक्यावर यायला दोन-तीन महिने लागतात, तोवर आईकडून ही उसनवारी चालते. पावडरच्या डब्याला अर्थात दिवस काय नि रात्र काय. हे वाचल्यावर मी काढलेल्या दुधाच्या बाटल्यांवर तारखेबरोबर वेळही लिहायला लागले, रात्रीचं दूध रात्रीच द्यायला. त्याने मुलगा जास्त झोपला का? मला तरी फरक दिसला नाही. पण लिहायला काय जातंय.

आता खरा प्रश्न. बाळाच्या झोपेबद्दल विचारणारी बाई स्वतःच्या झोपेबद्दल विचारत असते, हे तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवरूनच कळतं. आणि इथे दोन्ही प्रकारांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

मुलगी उठायची म्हणजे आधी कूस बदलायची, मग तोंड उघडून इकडेतिकडे शोधायची. रडायच्या आत तिला जवळ घेतलं की झालं. दिवा नाही, बोलणं नाही. ती अर्धवट झोपेतच प्यायची, आणि मी अर्धवट झोपेतच पाजायची.

मुलाचं उठणं म्हणजे समारंभ. दिवा लावा, हात धुवा, उकळलेलं पाणी घ्या. तेही पार निवलेलं चालत नाही. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी निदान ७० अंश सेल्सियस असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाटलीत आधी पाणी, मग मापाचा चमचा सपाट करून पावडर, मग हलवणं, मग बाटली नळाखाली धरून निववणं, मग मनगटावर थेंब. तोवर पठ्ठ्या रडून लालबुंद, रडताना हवा गिळलेली, म्हणून ढेकर काढायला वेळ जास्त. आणि तासाभराने पुन्हा मागितलं तर उरलेलं चालत नाही. उष्टं दूध ओतून द्यायचं आणि सगळं पहिल्यापासून.

पण हे सगळं नवरा करू शकतो. आमच्याकडे तोच करायचा.

बाटलीचा फायदा मला विचाराल तर एवढाच, पण तो मोठा आहे. तरीही २००७ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात तीन महिन्यांच्या बाळांच्या आईबापांच्या मनगटाला यंत्र बांधून झोप मोजली. रात्री अंगावरचं पिणाऱ्या बाळांचे आईबाप, पावडरचं देणाऱ्यांपेक्षा सरासरी ४० ते ४५ मिनिटं जास्त झोपत होते. २०१० सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात पहिल्या बारा आठवड्यांत आयांच्या झोपेत काही फरक दिसला नाही. माझं मत विचाराल, तर रात्री दुसरं माणूस खरोखर उठतं का, यावर निम्मा निकाल लागतो. बाटली आहे आणि तीही आईच करतेय, तर ती बाई दोन्हीकडून मेली.

"मग एक चमचा पावडर जास्त घातली तर?" हेही विचारतात, जरा दबक्या आवाजात. अजिबात नको. दूध दाट झालं की बाळाच्या मूत्रपिंडांवर ताण येतो, अंगातलं पाणी कमी पडतं, शी घट्ट होते, आणि पोट दुखलेलं बाळ काय झोपणार? बाटलीत तांदळाची पेज मिसळण्याचंही तेच. १९८९ सालीच अमेरिकेत बाळांना झोपताना तांदळाचं पीठ देऊन पाहिलंय, झोप वाढली नाही. २०१८ सालच्या इंग्लंडमधल्या मोठ्या अभ्यासात तिसऱ्या महिन्यापासून घन आहार सुरू केलेली बाळं रात्री १६ मिनिटं जास्त झोपली. १६ मिनिटांसाठी कुणी घाई करायची असेल तर डॉक्टरांना विचारूनच करावी. जागतिक आरोग्य संघटना सहा महिने फक्त अंगावरचंच सांगते.

सहज जाग येणं हा काही बाळातला दोष नाही. अंगावरची बाळं दोन-तीन महिन्यांच्या वयात जास्त सहज जागी होतात, आणि झोपेत अचानक बाळ दगावण्याचा धोका त्यांच्यात कमी असतो. निदान दोन महिने पाजलं तरी तो साधारण निम्म्यावर येतो. दूध कुठलंही असो, बाळ पाठीवर, सपाट कडक अंथरुणावर, आपल्याच खोलीत. पाजताना पेंग आवरत नसेल तर सोफ्यावर बसू नका. सोफ्यावर बाळासकट डोळा लागणं बिछान्यापेक्षाही जास्त धोक्याचं. बाटली उशीला टेकवून बाळाच्या तोंडात ठेवून देणंही नको, ठसका लागतो.

एक मात्र उलट बाजूने सांगते. पहिल्या दोन आठवड्यांत बाळ फारच झोपत असेल, प्यायला उठवावं लागत असेल, लंगोट कमी ओले होत असतील, अंग पिवळसर दिसत असेल, तर "किती गुणी बाळ" म्हणून कौतुक करत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. जन्मवेळचं वजन परत भरून निघेपर्यंत बाळाला उठवून पाजावं लागतं.

आणि शेवटचं, "मग रात्री झोपताना एक बाटली देऊ का?" बाळासाठी म्हणून देत असाल तर फार आशा ठेवू नका. स्वतःच्या सलग चार तासांसाठी देत असाल तर जरूर द्या, पण अंगावरचं नीट बसल्यावर, पहिल्या काही आठवड्यांनंतर. दूध आणणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, त्यामुळे रात्रीचं पाजणं रोज चुकवलं तर दूध हळूहळू कमी होतं. उठल्यावर छाती दाटलेली असेलच. तेव्हा थोडं काढून ठेवा, तेच उद्याच्या बाटलीला होईल.