टेक्सासमध्ये मला ट्रीटमेंटसाठी सुट्टी कशी मिळते

सध्या नागपूरला आलोय आणि ज्या नातेवाईकाकडे जाईन तिथे एकच प्रश्न, काहून रे, तिकडे एवढी ट्रीटमेंट सुरू आहे तं नोकरीवरून काढत नाहीत का तुले? प्रश्न बरोबरच आहे. आजार कळला तेव्हा मलाही रात्र रात्र हीच धास्ती असायची, कारण एच-वन-बी या वर्क व्हिसावर नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवसांत दुसरी शोधा नाहीतर देश सोडा, आणि इन्शुरन्सही कंपनीचाच, म्हणजे औषधही गेलं.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याला सूज येते, रक्त पडतं, आणि गोळ्यांचा एक कोर्स घेतला की संपलं असं होत नाही. इन्फ्लिक्सिमॅब नावाचं औषध सलाईनमधून घ्यावं लागतं, पहिल्या डोसनंतर दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, मग दर आठ आठवड्यांनी, आणि दरवेळी खुर्चीत दोनेक तास जातातच, वर ब्लड टेस्ट, डॉक्टरची व्हिजिट, आणि मधेच दुखणं उसळलं तर तो दिवस गेलाच. म्हणजे मला सलग महिनाभर सुट्टी नको होती, तुकड्या-तुकड्यांनी पाहिजे होती.

अमेरिकेत १९९३ पासून एफएमएलए नावाचा कायदा आहे. १२ महिन्यांत १२ आठवडे सुट्टी, नोकरी शाबूत, आणि कंपनीचा इन्शुरन्स आधीसारखाच सुरू (आपला हप्ता मात्र भरत राहायचा). ही सुट्टी गरज असेल तर तासांच्या हिशोबानेही घेता येते! आठवड्याला ४० तास काम असेल तर १२ आठवड्यांचे ४८० तास होतात, त्यातून आज चार तास, मग दोन महिन्यांनी परत चार. एचआरने फॉर्म दिला, तो डॉक्टरने भरला, किती वेळा यावं लागेल, किती वेळ लागेल, सगळं त्यात. फॉर्म परत द्यायला निदान १५ दिवस द्यावेच लागतात, आणि आपला थेट मॅनेजर डॉक्टरला फोन करून विचारपूस करू शकत नाही, मला या एका गोष्टीने फार हलकं वाटलं.

सगळं गोड आहे असं नाही बरं. ही सुट्टी बिनपगारी असते. कंपनीत ७५ मैलांच्या आत ५० तरी कर्मचारी लागतात, तुमची नोकरी वर्षभराची झालेली पाहिजे आणि मागच्या १२ महिन्यांत १२५० तास काम झालेलं पाहिजे, म्हणजे नुकताच विमानातून उतरलेला आपला पोरगा आजारी पडला तर त्याला यातलं काही मिळत नाही. हे मला फार चुकीचं वाटतं.

पण आज लिहायला बसलो ते दादामुळे. माझा चुलत भाऊ बुटीबोरीला एका कारखान्यात आहे, किडनी गेल्यामुळे त्याचं डायलिसिस सुरू आहे, आणि तो दर खेपेला सुपरवायझरला सांगतो, घरी पाहुणे आले, पोराच्या शाळेत जायचं आहे. खरं सांगितलं तर काढून टाकतील म्हणतो. पगार कापला जाऊन राहिला, अन् वरून दांड्या मारतो असं नावही पडलं. ऐकून जीव तुटला हो.

अरे, त्याचा ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, कापला जातो दर महिन्याला! त्यात आजारपणात ७० टक्के रोजी ९१ दिवसांपर्यंत मिळते, आणि टीबी, कॅन्सर, किडनी निकामी होणं अशा ठरवून दिलेल्या मोठ्या आजारांत, नोकरी आणि वर्गणीच्या अटी पूर्ण होत असतील तर, ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, आणि ते पाहुण्यांचं कारण सांगून कसं मिळेल? तुमच्या घरातही कुणी असं लपवून सुट्ट्या घेत असेल तर आधी त्याची पगाराची स्लिप काढून पाहा, कपात दिसते का.

सोमवारी दादाचं डायलिसिस असतं, म्हणून मंगळवारी त्याला घेऊन सोमवारी पेठेतल्या कामगार विमा रुग्णालयात जातोय, कार्ड आणि सगळे रिपोर्ट वहिनीने काढून ठेवलेत.