एका स्लीव्हच्या तीन खुणा

वाकडच्या साइटवर टिपिकल मजल्याचं सेंटरिंग (स्लॅबचा प्लायचा साचा) झालं होतं आणि फिटर लोखंड वर चढवायच्या तयारीत होते. त्याआधी टॉयलेटच्या प्लायवर मी सगळ्यांना एकत्र बोलावलं: प्लंबिंगचा फोरमन, इलेक्ट्रिशियन, फिटरचा मुकादम आणि ब्लॉकवर्कचा मिस्त्रीसुद्धा. मिस्त्रीला सहसा स्लॅबनंतरच बोलावतात. पण कमोडची स्लीव्ह, म्हणजे पाईपसाठी स्लॅबमध्ये होल ठेवणारी नळी, कुठे बसवायची, हे त्याच्या न बांधलेल्या भिंतीवरच ठरतं.

या इमारतीत टॉयलेटला सनक (खाली उतरवलेला स्लॅब) नाही, पाईप खालच्या मजल्याच्या छताला लटकतात. कमोड एस-ट्रॅपचा (आउटलेट सरळ खाली जमिनीत), आउटलेटचं सेंटर तयार भिंतीपासून २२५ मिमी. ११० मिमीच्या पाईपला स्लीव्ह १६० मिमीची.

प्रत्येकाला खडूने आपापली खूण करायला लावली. प्लंबरने बीमच्या आतल्या कडेपासून सरळ २२५ मोजले. मिस्त्री म्हणाला, भिंत डक्टच्या (पाईपच्या उभ्या पोकळीच्या) बाजूला बीमच्या कडेशी फ्लश, म्हणजे एका रेषेत येणार. बीम २३० रुंद, ब्लॉक १५० चा, म्हणजे आत ८० मिमी मोकळे; त्यातून प्लास्टर आणि टाइलचे ३० वजा केले की ५० उरतात, ते २२५ मधून गेले की सेंटर १७५ वर येतं. आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये भिंत टॉयलेटच्या बाजूला फ्लश होती, म्हणजे २२५ अधिक ३०, एकूण २५५. एकाच कमोडच्या तीन खुणा, आणि सगळ्यात जवळची ते सगळ्यात लांबची अंतर ८० मिमी! चूक कुणाचीच नव्हती. प्लायवर भिंत नसते, त्यामुळे जो तो आपल्या डोक्यातली भिंत धरून मोजतो.

भिंत ड्रॉइंगप्रमाणे धरली आणि २२५ वर स्लॅब भरला असता तर टाइल लागल्यावर १९५ च उरले असते आणि कमोड बसलाच नसता. हा ३० मिमीचा फरक दुरुस्त करणं फार त्रासाचं. जुनं आणि नवं होल एकमेकांवर येतं, कोअर कटरचा (गोल होल पाडणाऱ्या मशीनचा) बिट एका बाजूने मोकळा फिरतो आणि अडकतो. आधी जुनं होल नॉन-श्रिंक (न आकसणाऱ्या) ग्राउटने भरायचं, ते पक्कं झालं की मगच कोअर घ्यायचा. घाईत ब्रेकर लावला की स्लॅबचा तळ फुटतो. शिवाय सळया १५० मिमीवर असतात, त्यामुळे १६० च्या होलात दोन्ही दिशांची किमान एकेक सळई कापली जातेच. स्लॅबपूर्वी त्याच सळया बाजूला सरकवता येतात आणि होलाभोवती जादा तुकडे बांधता येतात. ग्राउटच्या सांध्यातून पुढे गळती होते, ती वेगळीच.

आम्ही आर्किटेक्टला फोन करून भिंतीची बाजू पक्की केली. ग्रिडलाइनवरून (ड्रॉइंगमधल्या मूळ मापाच्या रेषेवरून) दोरी मारून तयार भिंतीची रेष प्लायवर लाल रंगाने ओढली आणि मग सगळ्यांनी त्याच रेषेपासून मोजलं. इलेक्ट्रिशियनचा एक कंड्यूट (वायरचा पाईप) स्लीव्हच्या वाटेत येत होता, तो तिथेच वळवला. सगळं तासाभरात झालं, कारण लोखंड अजून खाली होतं. जाळी बांधून झाल्यावर हेच करायला अर्धा दिवस जातो आणि फिटर वैतागतो तो वेगळा.

आता पोअर कार्डवर (स्लॅब भरण्याआधी सह्या घ्यायच्या कागदावर) मिस्त्रीचीही सही घेतो, ती केबिनमध्ये नाही, रेषेजवळ उभं राहून. भरताना प्लंबरचा एक माणूस थांबतोच, कारण व्हायब्रेटरची सुई टेकली की वाळूने भरलेली स्लीव्हही सरकते. प्लाय काढल्यावर खालून सगळी सेंटर पुन्हा मोजतो. १० मिमीपेक्षा जास्त फरक निघाला, तर वरच्या मजल्याचं मार्किंग थांबवतो.