नायिका पहिल्याच पानावर

आमच्या वाचनालयात ऐतिहासिक कादंबऱ्यांचं कपाट देवघेवीच्या टेबलाच्या पाठीमागेच आहे. मुद्दामच ठेवलंय तिथे. सगळ्यात जास्त फिरणारी, सगळ्यात लवकर फाटणारी आणि परत यायला सगळ्यात उशीर करणारी पुस्तकं हीच. त्यातही ज्यांच्यात लढाईपेक्षा प्रेमाची गोष्ट वरचढ आहे, त्यांची बांधणी कधीच धड नसते.

२३ एप्रिलच्या पुस्तक दिनाला कार्यकारी मंडळाला भाषण हवं होतं. मी म्हटलं, वक्त्याचं मानधन चहा-वड्यांना द्या, वाचकांनाच बोलवू. प्रत्येकाने इतिहासात घडणारी एक प्रेमकथा आणायची आणि तिचं फक्त पहिलं वाक्य वाचायचं. पुस्तकाचं नाव नाही, लेखक नाही. वर्तमानपत्राचं कव्हर घालून यायचं. बाकीच्यांनी सांगायचं की काळ कोणता, पुढे काय होणार आणि पुस्तक घरी न्यावंसं वाटतंय का. मंडळाने 'हा काय पोरखेळ' अशा चेहऱ्याने मंजुरी दिली.

सुरुवात इतिहासाच्या निवृत्त सरांनी केली. उन्हाळा सरत असताना एके दिवशी एक घोडेस्वार या गावाहून त्या गावाच्या वाटेने एकटाच चालला होता, असं वाक्य. साल आणि गावांची नावं त्यांनी लबाडीने गाळली होती. सभागृहाने एका सुरात 'शिवकाल!' म्हटलं. पुढचंही सांगून टाकलं: आता वादळ येणार, स्वार देवळात शिरणार आणि देवळात ती असणार.

सरांनी कव्हर काढलं. बंकिमचंद्रांची 'दुर्गेशनंदिनी', १८६५ सालची. वाट बंगालातली, विष्णुपूरहून मांदारणला जाणारी. साल ९९७ बंगाब्द, म्हणजे १५९०च्या आसपासचं. स्वार म्हणजे राजा मानसिंहाचा मुलगा जगतसिंह. आणि हो, वादळ येतं, तो शिवमंदिरात शिरतो आणि तिथे तिलोत्तमा असते. प्रांत चुकला, कथानक तंतोतंत बरोबर! सर हसून म्हणाले, हा एकटा घोडेस्वार फार जुना नोकर आहे. इंग्रजीत जी. पी. आर. जेम्स नावाच्या कादंबरीकाराने त्याला इतकं राबवलं की थॅकरे या दुसऱ्या कादंबरीकाराने त्याचं विडंबन लिहिलं. गाडी मग गुंजीकरांच्या 'मोचनगड'कडे (१८७१, मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी) वळायला लागली तेव्हा मी चहा मागवला. सरांना थांबवायचा दुसरा मार्ग नाही.

नंतर कॉलेजमधली एक मुलगी उठली. तिने मोबाइलवरून वाचलं, त्यामुळे वर्तमानपत्राच्या कव्हरचा प्रश्नच नव्हता. नायिकेचं नाव तिने गाळलं होतं. ती सुंदर नव्हती; पण त्या जुळ्या भावांसारखे पुरुष एकदा तिच्या मोहिनीत सापडले की त्यांच्या ते क्वचितच लक्षात यायचं. खोलीत खसखस पिकली. घरी नेणारे हात भराभर वर गेले. फक्त काळ कुणालाच सांगता येईना. सर म्हणाले, साल नाही, गाव नाही, यात इतिहास कुठे आहे?

पुस्तक निघालं मार्गारेट मिचेलचं 'गॉन विथ द विंड', १९३६चं. त्या वाक्यानंतर लगेच कळतं की एप्रिल १८६१ आहे, अमेरिकेतलं जॉर्जिया आहे, आणि ओसरीवर बसून गप्पा मारणाऱ्या त्या पोरांना वाटतंय की युद्ध म्हणजे गंमत. मला स्वतःला ही सुरुवात फार हुशार वाटते. तारीख सांगण्याआधी ती आपल्याला त्या पोरीच्या बाजूला बसवते.

पण बँकेतल्या मॅडमनी सरळ विचारलं, "ही पोरं दुपारभर बसलीत, ती बोलत बसलीय, मग एवढ्या मोठ्या कापसाच्या मळ्यावर राबतंय कोण?" खोली गप्प झाली. गुलाम राबत होते, हे सगळ्यांना माहीत होतं. वाक्यात ते नव्हते. मुलगी म्हणाली, "मॅडम, एका वाक्यात एवढं कुठे मावणार?" मॅडम म्हणाल्या, "पुढच्या एवढ्या पानांत तरी कुठे धड मावलंय?" मॅडमनी पुस्तक पूर्ण वाचलेलं होतं, हे तेव्हा कळलं.

औषधांच्या दुकानातल्या तरुणाने रफाएल सबातिनीचं 'स्कारामूश' (१९२१) आणलं होतं, फ्रेंच राज्यक्रांतीतलं. हसण्याची देणगी आणि जग वेडं आहे ही जाणीव घेऊन तो जन्माला आला होता. यावर कुणी वाद घातला नाही. हेच वाक्य अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या एका इमारतीच्या दारावर कोरलेलं आहे, हे त्याने सांगितल्यावर सरांनी ते वहीत उतरवून घेतलं.

मग बोलणं रीजन्सी कादंबऱ्यांवर गेलं. १८११ ते १८२०चं इंग्लंड, राजा आजारी, कारभार युवराजाकडे; जॉर्जेट हेयरने १९३५पासून रूढ केलेला प्रकार. मुलगी म्हणाली, त्यांत शेवटी लग्न होणार हे पहिल्या वाक्यालाच ठरलेलं असतं, मजा असते ती कसं होणार याची.

यावर कोपऱ्यातल्या आजी बोलल्या. त्या आमच्या सर्वांत जुन्या सभासदांपैकी. "आपल्याकडे उलटं आहे. 'स्वामी' हातात घेतली की थेऊर ठाऊक असतं. माधवराव सत्ताविसाव्या वर्षी जाणार, रमाबाई सती जाणार. 'राऊ' उघडली की रावेरखेडी ठाऊक असते. म्हणून मी शेवट आधी वाचून टाकते. रडून झालं की मग पहिल्या पानापासून निवांत." त्या दुपारी इतकं नेमकं दुसरं कुणी बोललं नाही. आपल्या पेशवाईतल्या प्रेमकथांच्या पहिल्या वाक्यावर १८ नोव्हेंबर १७७२ किंवा २८ एप्रिल १७४०ची सावली आधीच पडलेली असते. लेखकाने पहाट लिहिली तरी वाचक संध्याकाळच वाचतो.

आजींच्या बोलण्यावरून मला निर्लेखनाच्या, म्हणजे बाद करायच्या पुस्तकांच्या, यादीत टाकलेली पेशवाईवरची एक कादंबरी आठवली. प्रत खिळखिळी झाली होती, बाइंडर दोनदा नाही म्हणाला होता. ती आतून आणली आणि पहिलं वाक्य वाचायला सरांच्या हातात दिली. सरांनी चष्मा सारखा केला आणि थांबले. पहिलं पान छापील नव्हतंच. कुण्या वाचकाने रेघी कागदावर निळ्या शाईने, सुरेख वळणदार अक्षरात ते लिहून काढलं होतं आणि कुठल्यातरी जुन्या बांधणीत ते नीट शिवलं गेलं होतं. पुस्तक आमचंच, गुप्त पानावर, म्हणजे ओळखीसाठी ठरवून ठेवलेल्या आतल्या पानावर, आमचा शिक्का होता.

सर वाचू लागले. नायिका गच्चीवर उभी, खाली पागेत घोड्यांची गडबड, तिची नजर एकाच घोड्यावर. छान होतं. सगळ्यांनी हात वर केले. पण सरांना शंका आली. त्यांनी त्याच कादंबरीची नवी आवृत्ती कपाटातून काढली. छापील सुरुवातीला दोन कारभारी कर्जाचा हिशेब बोलत बसले होते. नायिका कितीतरी पानांनंतर येते. म्हणजे हरवलेलं पान आठवेना म्हणून म्हणा किंवा मूळचं रुचलं नाही म्हणून, त्या वाचकाने नायिकेला उचलून पहिल्या पानावर आणली होती, आणि शेवटची ओळ छापील दुसऱ्या पानाला बेमालूम जोडून दिली होती.

सर चिडले. "ही भेसळ आहे. लेखकाने कर्जापासून सुरुवात केली त्याला कारण आहे. त्या कर्जानेच पुढे सगळं बुडतं." बरोबरच होतं ते. मुलीला मात्र आनंद झाला. याला आता फॅन फिक्शन म्हणतात, म्हणाली. मॅडम म्हणाल्या, "कारण असेल हो, पण कर्जाचे हिशेब मी दिवसभर बघते. मी हीच प्रत नेणार."

मी पुस्तक निर्लेखनाच्या यादीतून काढलं. मंडळाच्या बैठकीत कारण विचारलं गेलं, तेव्हा 'मागणी आहे' एवढंच लिहिलं, आणि ते खरं होतं. सरांनी एकच अट घातली: आत एक चिठ्ठी चिकटवायची की पहिलं पान मूळचं नाही. चिठ्ठी चिकटवली. मॅडमनी ते महिनाभर ठेवून घेतलं, दंडही भरला.

त्यांच्यानंतर नंबर आजींचा होता. चिठ्ठी त्यांनी वाचली, मग विचारलं, "शेवटचं पान तरी छापील आहे ना?" आहे म्हटल्यावर कार्ड पुढे केलं.