तुम्ही विचारलंत म्हणून: राणादा नेमका कुठं बिघडला?

कुस्तीत कान फुटलेला माणूस दिसला की आमच्या कोल्हापुरात लोक दोनच गोष्टी विचारतात. तालीम कुठली, आणि 'तुझ्यात जीव रंगला' ही झी मराठीवरची मालिका नेमकी कुठनं बिघडली. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं मी गेली पाच वर्षं एकच देत आलोय: तिच्यातल्या पैलवान हिरोच्या, राणादाच्या अंगावर पोलिसाची खाकी चढवली, तिथनं. ऐकणारा मान डोलावतो, चहा सांगतो, विषय संपतो. परवा एका बारशात मात्र एकानं धरलंच. "पैलवान, मग शेवटच्या भागापर्यंत बघत का बसला होता?" त्या 'का'चं उत्तर लिहितोय. एकदाच. परत विचारू नका.

ऑक्टोबर 2016 ला मालिका सुरू झाली, तोवर पडद्यावर पैलवानाला कामं दोनच. गुंडाच्या मागं हाताची घडी घालून उभं राहायचं, नाहीतर हिरोचा मार खायचा. अक्कल गुडघ्यात, हा विनोद तर आमच्या पाचवीलाच पुजलेला. आणि इथं लंगोट लावणारा लाजरा गडी हिरो, त्याच्यावर शाळेतल्या बाईंचा जीव जडलेला. माझी बायको प्राथमिक शिक्षिका. गल्लीतली पोरं आम्हाला राणादा-पाठकबाई म्हणायला लागली. मी चिडल्यासारखं करायचो. आवडायचं. मुंबईची मावसबहीण आली तर अंबाबाईच्या आधी मालिकेतला वसगड्याचा वाडा बघायचा हट्ट धरून बसली, तिला मोटारसायकलवरनं नेऊन आणणारा मीच.

"पहिल्यांदा कुस्ती तरी खरी होती," असं म्हणणाऱ्यांना एक सांगतो. नव्हती. पहिल्या दिवसापासून नव्हती. राणादाचे दोन्ही कान शाबूत होते, यातच आलं. हौद्यातल्या, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातल्या, लाल मातीत ताक, हळद, लिंबू, तेल मुरवलेलं असतं. ती घामाला धरते, पापणीत जाते, आंघोळ केली तरी नाकातला वास दोन दिवस हलत नाही. पडद्यावर ती पावडरीसारखी उडायची. आम्ही ते चालवून घेतलं, कारण आम्हाला राणा पाहिजे होता. मग राणा गेला आणि तोच चेहरा राजा राजगोंडा होऊन परत आला, तेव्हा मेव्हण्यानं हात टेकले. त्याचं म्हणणं, रोज संध्याकाळी अर्धा तास म्हटल्यावर कुठल्याही गोष्टीचं रबर होणारच. असेल. त्याच्यावर मी वाद घातला नाही. मला ते दुखलंच नव्हतं.

दुखलं ते पुढं. राणादा इन्स्पेक्टर झाला तेव्हाची गोष्ट. साडेसातची वेळ, मेव्हणा आलेला, आई शेंगा फोडत बसलेली, बायको खाली बसून वह्या तपासत होती. खाकीतला राणा दिसला आणि मी सुटलो. शर्टाला कडक इस्त्री काय, सॅल्यूट काय. "तालमीतला गडी कधी इन्स्पेक्टर होतो व्हय? काय पण दाखवत्यात. लेखकानं आयुष्यात हौदा बघितला नसंल."

पोरगं तेव्हा सातवीत. ताटावरनं मान वर करून म्हणालं, "खाशाबा जाधव झाले होते की, पप्पा. 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक आणि मग पोलिसांत."

मेव्हणा हसला. "दाजी, चितपट!"

मला काय ते माहीत नव्हतं? खाशाबा 1955 ला फौजदार म्हणून लागले, हे आमच्या वस्तादांनी शंभरदा ऐकवलेलं. नरसिंग यादव, विजय चौधरी, तीन-तीनदा महाराष्ट्र केसरी झालेले गडी, सरकारनं थेट डीवायएसपी, म्हणजे पोलीस उपअधीक्षक केले. तालमीतली निम्मी पोरं भरतीच्या आशेवरच जोर मारतात. सगळ्या मालिकेत पोटाला सगळ्यात धरून असलेली गोष्ट तीच होती. तरी मी म्हणालो, "ते वेगळं. ते खरे पैलवान."

तेव्हा बायको वहीतनं डोळे न काढता म्हणाली, "होतात की. लेखी निघाली की होतात."

आवाज चढलेला नव्हता. लाल पेननं तिनं पुढच्या गणितावर बरोबरची खूण केली आणि पान उलटलं. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. मेव्हण्याला काही कळलं नाही, तो टीव्हीकडं बघत होता.

आता तुम्हाला कळावं म्हणून. मी तीनदा पोलीस भरतीला उतरलो. धावणं, गोळाफेक, पुलअप्स, मैदानात मला तोड नसायची. तिन्ही वेळा लेखीनं पाडलं. तिसऱ्या वेळी आमचं नवीन लग्न झालेलं. शाळेतनं आली की ती रोज रात्री मला समास आणि काळ-काम-वेगाची गणितं शिकवायची, आणि मी पुस्तकावरच पेंगायचो. यादी लागली तशी मी गल्लीभर सांगितलं, गुडघा गेला. वीस वर्षं तेच सांगतोय. गुडघा ठणठणीत आहे.

म्हणजे मालिका बिघडलीच नाही, मीच जळत होतो? असंही लिहून देणार नाही. शेवटच्या वर्षात तेच कट, तेच रडणं, तीच दारामागनं ऐकलेली बोलणी. कंटाळा खरा होता. मेव्हणा बरोबर असेल. पण जानेवारी 2021 ला संपेपर्यंत मी एक भाग चुकवला नाही, आणि शिव्या सगळ्यात जास्त घातल्या त्या खाकीतल्या भागांना. ते भाग वाईट होते का, मला अजून सांगता येत नाही. नीट बघितलेच नाहीत. त्या अर्ध्या तासात मी टीव्हीपेक्षा बायकोच्या तोंडाकडं बघत असायचो, तिला तो राणा आवडतोय का म्हणून. विचारलं कधीच नाही.

पोरगा यंदा अठरा पूर्ण झाला. पहाटे 1600 मीटर मारतो, त्यात जरा कमी पडतो. लेखीचं टेन्शन नाही, आईवर गेलाय. ती त्याचे सराव पेपर आणून ठेवते. परवा त्यातला एक कोरा पेपर मी दुकानात नेला. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, पेंडीच्या पोत्यावर बसून सोडवला. शंभर प्रश्न, दीड तास. उत्तरं मागच्या पानावर होती, ती आधी बघितली नाहीत. 61 आले. दोनदा मोजले. पेपर गल्ल्याच्या खणात ठेवलाय, तिला अजून दाखवलेला नाही.