कडब्याच्या रंगाचा कारवान

मी फोटोवरून कुत्र्यांची पोर्ट्रेट्स करते, पेन्सिल आणि वॉटरकलर, जुळे सोलापुरात घरीच. ऑर्डरी बहुतेक लॅब नाहीतर पॉमेरेनियनच्या, त्यामुळे मागच्या मे महिन्यात मंगळवेढ्याकडचे एक शेतकरी काका कारवान, म्हणजे मुधोळ हाउंड, आपल्याकडचा सडपातळ शिकारी कुत्रा, काढून द्या म्हणत आले तेव्हा मला आनंदच झाला. मग फोटो बघितले.

कुत्रा गेलेला, फोटो दोनच. एक लग्नातला, त्यात तो कोपऱ्यात अर्धा कापलेला. दुसरा रात्री पिवळ्या बल्बखाली, मोबाईल पार तोंडाजवळ नेऊन काढलेला, आणि इतक्या जवळून काढलं की नाक फुगतं, कान-कपाळ मागं जातं, त्यात कारवानचं तोंड मुळात लांब निमुळतं, म्हणजे फोटोत कारवान राहिलाच नव्हता. जातीचे रेफरन्स ढीगभर मिळतात हो, पोस्टाने २००५ला मुधोळ हाउंडचं तिकीटसुद्धा काढलंय, पण काकांना जात नको होती, त्यांचा राजा पाहिजे होता.

मग त्यांना समोर बसवूनच स्केच काढलं. वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, एकदा बसला की खालची पेन्सिल खोडता येत नाही, त्यामुळे काय बदलायचं ते आधीच. ते सांगत गेले, मी खोडत गेले. नाक बारीक करा. डोळ्यावरचं हाड दिसू द्या, "खाऊन सुटलेला नव्हता ओ तो." डावा कान फाटका, रानडुकराने फाडलेला, तो जरा दुमडून पडायचा. हे एकाही फोटोत नाही!

अडलं ते रंगावर. बल्बमुळे फोटोत तो केशरी दिसत होता. मी शेड दाखवत गेले, ते मान हलवत गेले, शेवटी म्हणाले, "कडब्यावानी होता बगा, पण नव्या न्हाई, एक पावसाळा खाल्लेल्या." आणि दोन दिवसांनी मुलाच्या हातून खरंच पेपरात गुंडाळून मालदांडी ज्वारीच्या कडब्याची ताटं, म्हणजे धांडं, पाठवली. इतका नेमका रंग मला आजवर कुठल्याच कस्टमरने सांगितला नाही.

येलो ऑकर, थोडा बर्न्ट अंबर, राखाडी झाक यायला अल्ट्रामरीनचा थेंब. पट्ट्या ओढून वाळू दिल्या आणि मगच ताटाशेजारी धरल्या कारण वॉटरकलर वाळला की फिका होतो. त्यात सोलापूरचा मे, पारा चाळिशीच्या वर, ओल्यावर ओला रंग सोडायचा म्हटलं तर ब्रश टेकेपर्यंत कागद कोरडा. म्हणून पहाटे उठून, पंखा बंद करून, ३०० जीएसएमचा जाड कॉटन पेपर दोन्हीकडून भिजवला. आखूड केसांच्या कुत्र्याला केस काढत बसायचं नसतं, खालची हाडं नि स्नायू वॉशमधनंच दिसले पाहिजेत, पेन्सिल फक्त कानाच्या कडेला नि मानेखाली. डोळ्यातली चमक म्हणजे कोरा सोडलेला कागद, तिथं पांढरा रंग लावणं मला पटत नाही.

काका न्यायला आले ते आधी कानाकडे गेले. बोट न लावता, कागदाच्या वरून, फाटलेली कड दाखवत मुलाला म्हणाले, "ह्ये मी सांगितलेलं." मग माझ्या टेबलावरचं ताट उचलून चित्राजवळ धरलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले आता धाकट्या भावाकडं पण एक लागंल, त्याच्याच हातावर वाढलेला तो. दुसरं मी उभ्या राजाचं करतेय, भावाच्या सांगण्यावरून.